पेझली चालत चालत: प्रकल्पाच्या नोंदी

१८ जानेवारी, शनिवार

आजपासून नोंदी लिहायला घेतल्या, नाहीतर मार्चपर्यंत काय ठरलं होतं तेच विसरायला होईल.

दिवाळीनंतर मावशी आणि काका इकडे पेझलीला, ग्लासगोजवळच्या या स्कॉटिश गावात, आले होते तेव्हा मावशीनं स्टेशनवर उतरल्या उतरल्या विचारलं, "हे पेझली म्हणजे आपल्या साडीवरच्या कोयरीचंच ना गं?" मी हो म्हणाले आणि त्यांना अ‍ॅबी (म्हणजे जुन्या मठाचं चर्च) दाखवली, टाऊन हॉल बाहेरून दाखवला, कॉफी प्यायलो, संपलं. सहा वर्षं राहतेय या गावात आणि दाखवण्यासारखं एवढंच? तेव्हापासून डोक्यात आहे की मराठीत एक ऑडिओ वॉक करायचा. मोबाईलवर ऐकायचं, कानात हेडफोन, दहा-बारा थांबे, प्रत्येक थांब्याला तीन-चार मिनिटं, सगळं मिळून दोन तासांत चालून व्हावं. आवाज माझाच.

एकच नियम ठरवलाय, ज्याच्यासमोर उभं राहता येतं तेच घ्यायचं. इमारत, पुतळा, पाटी, नाहीतर निदान रस्त्यातली खूण तरी.

पहिला थांबा अ‍ॅबीच. ११६३ मध्ये वॉल्टर फिट्झ अ‍ॅलननं मठ स्थापन केला तिथून गाव सुरू होतं. आत मार्जरी ब्रूसची कबर आहे, रॉबर्ट द ब्रूसची मुलगी. १३१६ मध्ये गरोदरपणात ती इथे जवळच घोड्यावरून पडली, ती गेली, मूल वाचलं आणि ते पुढे स्कॉटलंडचा राजा दुसरा रॉबर्ट झालं. स्ट्युअर्ट घराणं तिथून. एवढं पुरे, अ‍ॅबीबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

कोयरीची स्क्रिप्ट. चार वेळा लिहून खोडली.

गोष्ट अशी की काश्मीरच्या शाली युरोपात गेल्या, श्रीमंत बायकांना वेड लागलं, आणि किंमत इतकी की साध्या घरात त्याचं नाव काढायची सोय नाही. मग इथल्या विणकरांनी १८०५ च्या सुमारास त्याची नक्कल विणायला घेतली. आधी हार्नेस माग, त्यात बाजूला एक पोरगा उभा राहून दोऱ्या ओढायचा म्हणजे हवे तेवढे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर उचलले जायचे, नंतर जकार्ड आला, म्हणजे छिद्रांच्या पत्त्यांवरून आपोआप नक्षी काढणारा माग. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियानं पेझलीच्या शाली घेतल्या आणि मग काय विचारता. १८७० च्या आसपास झग्यांची फॅशन बदलली, मागे फुगवटा आला, त्यावर एवढी मोठी शाल बसेना, आणि धंदा बसला. शाल गेली पण गावाचं नाव नक्षीला चिकटून राहिलं.

माझं अडतंय ते शेवटच्या वाक्यावर. आमच्या घरात कोयरी ही कोयरीच आहे, हळदीकुंकवाची कोयरी त्याच आकाराची, आजीच्या लुगड्याच्या पदरावर तीच. काश्मीरच्या ज्या कारागिरांनी एकेक शाल कित्येक महिने बसून विणली त्यांच्या गावाचं नाव जगानं या नक्षीला दिलं नाही. हे मी रेकॉर्डिंगमध्ये सरळ सांगणार आहे. पण त्याचबरोबर इथला विणकरही चोर नव्हता, तो मजुरीवर विणत होता, नक्षी कोणती विणायची ते मालक ठरवायचा. दोन्ही सांगायचं. सोलापूरला आमच्या घरामागे जकार्डचा माग होता, चादरीवर मोर काढायचा की फुलं हे आजोबांना कोणी विचारत नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज वही-पेन घेऊन नुसती फिरले, कुठल्या इमारतीवर कुणाचं नाव आहे ते लिहीत. टाऊन हॉल, १८८२, क्लार्क कुटुंबातल्या जॉर्ज ए. क्लार्कच्या पैशातून. म्युझियम, १८७१, सर पीटर कोट्सनं दिलेलं. त्याच्या मागे ओकशॉच्या टेकडीवर वेधशाळा, १८८३, थॉमस कोट्स. फाउंटन गार्डन्स, १८६८, परत थॉमस कोट्स, तिथल्या ओतीव लोखंडाच्या कारंज्यात चक्क वॉलरस बसलेत. आणि हाय स्ट्रीटवरचं ते प्रचंड चर्च, १८९४, थॉमस कोट्सच्या स्मरणार्थ. दोन घराणी, दोन्ही दोऱ्याची. गावाच्या एका टोकाला फर्ग्युस्ली मिल्स कोट्सच्या, दुसऱ्या टोकाला व्हाइट कार्ट नदीकाठी अँकर मिल्स क्लार्कच्या.

क्लार्कची गोष्ट मला फार आवडते. नेपोलियनच्या नाकेबंदीत रेशीम यायचं बंद झालं, आणि मागाच्या वह्यांना म्हणजे ज्यातून ताणा ओवतात त्या फासांना रेशीमच लागायचं. पॅट्रिक क्लार्कनं सुताला असा पीळ दिला की ते रेशमासारखं गुळगुळीत आणि मजबूत झालं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की याच्यानं शिवता पण येईल. १८१२ मध्ये सीडहिलला कारखाना. सुरुवातीला दोरा लडीत विकायचे, मग गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी लाकडी रिळावर गुंडाळून द्यायला लागले आणि रिळाचा अर्धा पेनी वेगळा घ्यायचे, रीळ परत आणलं की अर्धा पेनी परत. अगदी आपल्याकडच्या सोड्याच्या बाटलीसारखं.

कोट्सचं १८२६ पासून, जेम्स कोट्सनं फर्ग्युस्लीला मिल बांधली, १८३० ला मुलांची जे. अँड पी. कोट्स झाली, १८९६ मध्ये क्लार्क पण त्यांच्यातच आले आणि मग ती जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. भरात असताना या गावात जवळपास दहा हजार माणसं दोऱ्यावर जगत होती, त्यात बहुतेक बायका आणि मुली.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं तुझ्या भरतकामाच्या डब्यातल्या लडीवर काय छापलंय बघ. ती म्हणाली बघायला कशाला पाहिजे, अँकर. मी म्हटलं तो नांगर इथला, माझ्या घरापासून वीस मिनिटांवरचा. ती एकदम गप्प झाली. आई रंगांची नावं घेतच नाही, लडीचे नंबर सांगते, काळा म्हणजे तिच्यासाठी चारशे तीन. आम्ही लहानपणी दुकानात जाऊन "चारशे तीनच्या दोन द्या" म्हणायचो आणि दुकानदाराला कळायचं.

१ मार्च, शनिवार

मॅक्सवेलटन क्रॉस. रस्त्याच्या मधोमध घोड्याची नाल बसवलीय, गाड्या वरून जातात, माहीत नसेल तर दिसणारच नाही.

१६९६ मध्ये बारगॅरन इथल्या जमीनदाराच्या ११ वर्षांच्या मुलीला, क्रिश्चन शॉला, झटके यायला लागले आणि तिनं काही लोकांची नावं घेतली की यांनी मला करणी केली. सात जणांना दोषी ठरवलं, १० जून १६९७ ला गॅलो ग्रीन नावाच्या मैदानावर शिक्षा अमलात आणली, गळा आवळून मग जाळलं, आणि जे काही उरलं ते या चौकात पुरून वर नाल ठोकली. मूळची नाल १९६० च्या दशकात गायब झाली, आत्ताची नंतर बसवलेली.

आणि खरी गोष्ट याच्या पुढे आहे. तीच क्रिश्चन शॉ मोठी झाल्यावर तिनं लिननचा, म्हणजे जवसाच्या तंतूंचा, बारीक पांढरा दोरा कातायला घेतला, हॉलंडमधलं तंत्र मिळवलं, बारगॅरन थ्रेड म्हणून तो विकला जायचा आणि या भागातल्या दोऱ्याच्या धंद्याची सुरुवात तिथून धरतात. म्हणजे ज्या गावाचं पोट दोऱ्यावर दीडशे-दोनशे वर्षं भरलं त्याचं पहिलं टोक त्या पोरीच्या हातात.

याला कसं बोलायचं ते कळेना. तिला दोष द्यायचा? ११ वर्षांची होती. नावं घेतली तिनं पण खटला चालवला मोठ्यांनी, न्यायाधीश, पाद्री, डॉक्टर सगळे शिकलेले. मी ठरवलं की आधी नाल, आणि मग दोरा, आणि मध्ये काहीच जोडायचं नाही. ऐकणाऱ्याला चौकात तीस सेकंद उभं राहू दे. (सिग्नलचा आवाज फार आहे, रेकॉर्डिंग घरीच.)

१६ मार्च, रविवार

गोगलगाईचा दिवस! धाकटा भाऊ वकील आहे, पुण्यात प्रॅक्टिस करतो, त्याला मी कुठे राहते हे कळलं तेव्हापासून त्याचं एकच, "ताई, वेलमेडो स्ट्रीटचा फोटो पाठव." आपल्याकडे लॉच्या पहिल्या वर्षाला टॉर्ट्स म्हणजे नुकसानभरपाईचा कायदा शिकवतात त्यात डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हनसन हा खटला येतोच येतो, वर्गात गोगलगाय ऐकून सगळे हसतात आणि मग आयुष्यभर लक्षात राहते.

२६ ऑगस्ट १९२८, रविवारची संध्याकाळ. मे डोनोह्यू ग्लासगोहून इथे आली, दुकानात काम करणारी साधी बाई. मैत्रिणीबरोबर वेलमेडो कॅफेत बसली, मैत्रिणीनं तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नाही. थोडी ओतली, ती प्यायली, मैत्रीण उरलेली ओतायला गेली तर आतून कुजलेली गोगलगाय आली असं तिचं म्हणणं. आजारी पडली, दवाखाना झाला.

आता अडचण कुठे बघा. पैसे मैत्रिणीनं दिले. म्हणजे कॅफेवाल्याशी मेचा करारच नाही. तेव्हाच्या कायद्यानं विषय संपला होता, तरी तिच्या वकिलानं, वॉल्टर लीचमननं, थेट बनवणाऱ्यावर दावा लावला, डेव्हिड स्टीव्हनसनवर, त्याचा कारखाना इथेच ग्लेन लेनमध्ये. खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत, गेला आणि तिथे अपील करायला अनामत भरायची तर तिनं लिहून दिलं की अंगावरचे कपडे सोडले तर जगात माझ्याकडे पाच पौंडांचा पण ऐवज नाही. तिला गरीब म्हणून परवानगी मिळाली. २६ मे १९३२, तीन विरुद्ध दोन, ती जिंकली. लॉर्ड अ‍ॅटकिनचं म्हणणं थोडक्यात असं, तुझ्या कामानं ज्याला इजा होईल हे तुला आधी कळू शकतं तो तुझा शेजारी, आणि शेजाऱ्याची काळजी घेणं तुझ्यावर कायद्यानं बंधन आहे.

गोगलगाय खरंच होती का हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही, कारण स्टीव्हनसन वारला आणि नंतर तडजोडीत मिटलं. पण आज पुण्यात कोणी पॅकबंद खाण्यात काही सापडलं म्हणून भांडतो ना, त्याच्या पाठीशी मे उभी असते. हे भावाचं वाक्य, मी जसंच्या तसं स्क्रिप्टमध्ये घेतलं. आज कोपऱ्यावरच्या पाटीचा आणि बाकाचा फोटो पाठवला, त्यानं दोन मिनिटांत डीपी बदलला.

३० मार्च, रविवार

ग्लेन सिनेमा. लिहिताना दोनदा उठून गेले.

३१ डिसेंबर १९२९, वर्षाचा शेवटचा दिवस, लहान मुलांसाठी दुपारचा शो, हॉल खच्चून भरलेला. प्रोजेक्शनच्या खोलीत फिल्मच्या डब्यातून धूर यायला लागला, मुलं घाबरून बाहेरच्या दाराकडे पळाली आणि दारामागची लोखंडी जाळी उघडेना. ७१ मुलं गेली. जळून नाही, चेंगरून आणि गुदमरून. त्यानंतर सिनेमाघरांचे नियम कडक झाले, दारं किती, कशी उघडणार, मुलांवर लक्ष ठेवायला मोठी माणसं किती.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. या थांब्याला फक्त दीड मिनिट बोलणार, आवाज न चढवता. पार्श्वसंगीत नाही.

१२ एप्रिल, शनिवार

हवा छान, अ‍ॅबीच्या आवारात दोन पुतळे आहेत त्यांच्यासमोर बसून लिहिलं. दोघंही विणकर.

रॉबर्ट टॅनाहिल, १७७४ चा. मागावर बसून कविता करायचा, हाताशी दौत-टाक ठेवलेला, धोटा फेकता फेकता ओळ सुचली की लिहून घ्यायची. मागाला ठेका असतोच, खट् खटक् खट् खटक्, ज्याचं बालपण त्याच्या शेजारी गेलं त्याला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही. त्याची गाणी अजून गातात लोक. प्रकाशकानं कविता परत पाठवल्या, मन खचलं, १८१० च्या मे महिन्यात त्यानं पाण्यात जीव दिला, ३५ वर्षांचा होता.

दुसरा अलेक्झांडर विल्सन, १७६६ चा. यानं गिरणीमालकाविरुद्ध जळजळीत कविता लिहिली, ती छापू नये म्हणून पैसे पण मागितले (हे लपवायचं नाही), तुरुंगात गेला, आणि स्वतःची कविता स्वतःच्या हातानं भर गावात जाळायला लावली त्याला. १७९४ मध्ये अमेरिकेला गेला आणि तिथे पक्षी बघत, चित्रं काढत हजारो मैल हिंडला. अमेरिकेतल्या पक्ष्यांवर त्याचा नऊ खंडांचा ग्रंथ आहे, तिकडे त्याला पक्षिशास्त्राचा जनक म्हणतात. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल नावाचा छोटा काळा समुद्रपक्षी त्याच्या नावाचा, तो अरबी समुद्रातही येतो, म्हणजे कोकणातल्या पक्षीमित्रांच्या वह्यांत हा पेझलीचा विणकर आहेच.

जॉन विदरस्पूनला एका वाक्यात बसवलं: १७६८ पर्यंत इथला पाद्री, मग अमेरिकेत प्रिन्स्टनचा प्रमुख आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही. मोठा माणूस, पण माझ्या वाटेत बसत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

स्वयंपाकघराचा थांबा, मावशीसाठी खास. ब्राउन अँड पोल्सन कॉर्नफ्लोअर इथलं! जॉन पोल्सननं १८५४ मध्ये मक्याच्या स्टार्चचं पेटंट घेतलं, त्याआधी हे लोक कापडाला कांजी करायचा स्टार्च बनवायचे, म्हणजे हा धंदा पण मागाच्याच पोटातून निघालेला. आपल्याकडे त्याच नावाचा कस्टर्ड पावडरचा डबा घरोघरी होता, रविवारचं फ्रूट सॅलड त्यावरच व्हायचं. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं पोल्सनचं लोणी पण तिथलंच का. नाही, ते मुंबईच्या पेस्तनजी एडुलजींचं, नाव तेवढं सारखं.

शिवाय १८६४ मध्ये जेम्स रॉबर्टसन या किराणा दुकानदाराकडे कडवट संत्र्यांचा माल पडून राहिला, बायकोनं, मॅरियननं, त्याचा मुरंबा केला, तो गोल्डन श्रेड मार्मलेड. कारखान्याला नाव नवऱ्याचं. स्क्रिप्टमध्ये मॅरियनचं नाव आधी घेतलंय.

१० मे, शनिवार

आज यादी समोर ठेवली आणि बेचैन व्हायला झालं. अकरा थांबे, आणि गिरणीत दहा हजार हात राबले त्यातल्या एकीचं पण नाव नाही. पुतळे विणकर कवींचे आहेत, इमारती मालकांच्या. बायका कुठेत?

खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे, त्या अँकर मिलमध्ये होत्या हे मला माहीत होतं पण कधी नीट विचारलं नव्हतं. चहाला गेले. त्या मला हेन म्हणतात, आपण बाळा म्हणतो तसं. पंधराव्या वर्षी लागल्या, ट्विस्टिंगला, म्हणजे दोऱ्याला पीळ द्यायच्या खात्यात. मशीनच्या आवाजात तोंडाकडे बघून बोलणं समजायचं, अजून त्या बोलताना माझ्या ओठांकडेच बघतात. भोंगा झाला की पूल बायकांनी भरून जायचा म्हणाल्या. मी म्हटलं आमच्याकडे पण भोंगा होता, सोलापूरला जुन्या मिलचा, माझी आजी त्यावर भात लावायची. त्यांनी मला हे दोनदा सांगायला लावलं, इतकं आवडलं. त्यांच्या आईची आई हाफ टायमर होती, अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. त्या मुलांसाठी फर्ग्युस्लीला १८८७ मध्ये बांधलेली शाळा, तो थांबा आता नक्की. गावातलं दोऱ्याचं काम १९९३ ला बंद झालं.

निघताना म्हणाल्या, तुझी आई येईल तेव्हा घेऊन ये, एक वस्तू आहे दाखवायची.

२५ मे, रविवार

फोनच्या अपडेटमध्ये सहा थांब्यांचं रेकॉर्डिंग उडालं. बॅकअप नव्हता. परत सगळं, पलंगावर दोन गाद्या उभ्या करून मध्ये बसून. गोगलगाय पहिल्यापेक्षा चांगली झाली, नालेचा थांबा तसा परत जमला नाही. आता रोज रात्री दोन ठिकाणी कॉपी.

१४ जून, शनिवार

आई येऊन आठवडा झाला. आज आजींकडे गेलो.

त्यांनी कपाटातून उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली शाल काढली, पणजीची. तांबूस, मध्ये काळा चौक, चारी बाजूंनी लांब मानेच्या कोयऱ्या. माझी आई इंग्रजी बोलत नाही आणि आजींचं इंग्रजी मलाच अर्धं कळतं. आईनं हात पुसले, शाल घेतली आणि पहिल्यांदा काय केलं तर उलटी केली. पुढून कोणी बघतच नाही विणकराच्या घरातलं. "हे बघ, मागं दोरे कापलेत की," म्हणाली. रंगीत बाणा म्हणजे आडवा धागा लागेल तिथेच वर येतो, बाकी मागे लोंबतो, तो कापून टाकायचे म्हणजे शाल हलकी होते. "मग कापल्यावर हे सुटत कसं नाही गं?" तिनं नखानं एक कोयरीची कड उचलून बघितली, चष्मा कपाळावर सारून डोळ्याजवळ नेली. "ह्याच्यात अजून एक दोरा आहे. बारीक. पांढरा नाही, पण रंगात पण नाही. त्यानं धरलंय."

आजींना मी ते सांगितलं आणि त्या हसायलाच लागल्या, आईचा हात धरला आणि म्हणाल्या, स्मा शॉट.

तो बारीक सुती दोरा रंगीत बाण्याला जागच्या जागी बांधून ठेवतो. दिसत नाही म्हणून मालक, इथल्या भाषेत कॉर्क, त्याचे पैसे देत नव्हते, विणकरानं तो पदरचा घालायचा. आणि घातला नाही तर शाल सुटणार, मग मजुरी पण नाही. गावातल्या चार्ल्सटन वस्तीचा ढोल वाजवून विणकर गोळा व्हायचे, मोर्चे काढले, आणि १८५६ मध्ये मालकांनी त्या दोऱ्याचे पैसे द्यायचं मान्य केलं. तेव्हापासून जुलैचा पहिला शनिवार विणकरांचा सण.

मला हे माहीत होतं. सहा वर्षं मिरवणूक बघतेय. यादीत मी तो अकराव्या नंबरला, "वेळ उरला तर" असं लिहून ठेवला होता. आईनं न सांगता नखानं काढला.

२२ जून, रविवार

क्रम बदलला. अ‍ॅबी आता दुसरी. पहिला थांबा स्मा शॉट, आणि त्यात माझा आवाज नाही, आईचा आहे. तिला स्क्रिप्ट दिली नाही, शाल परत मांडीवर दिली आणि काय दिसतं ते सांग म्हटलं. चार मिनिटं दहा सेकंद. मध्ये आजींचा एक शब्द येतो आणि कपाची किणकिण, ते ठेवलंय.

म्युझियममध्ये अशा हजारभर शाली आहेत पण ते २०१८ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं, त्यामुळे ऐकणाऱ्याला शाल हातात मिळणार नाही. म्हणून शालीच्या उलट्या बाजूचा मोठा फोटो टाकतेय, आईचं नख दिसतंय त्यात.

५ जुलै, शनिवार

सकाळी सात वाजता अपलोड केलं. बारा थांबे, एकूण ४४ मिनिटं. लिंक मावशीला, भावाला, आणि ग्लासगोच्या मराठी ग्रुपवर.

मग तिघी मिरवणुकीला. आजींना व्हीलचेअरवर नेलं. ढोल लांबूनच ऐकू आला, आई म्हणाली हलगीपेक्षा जड आवाज आहे. दुपारी कॉर्कचा पुतळा जाळतात तोपर्यंत थांबायचा आजींचा हट्ट, पाऊस आला तरी. छत्री एकच होती, ती त्यांच्यावर धरली.

उरलेलं काम: शाळेच्या थांब्याचा नकाशावरचा टिंब चुकीच्या रस्त्यावर पडलाय, उद्या दुरुस्त करायचा.